आगटे बाईंच्या दोन ओळी

सैन्यातून निवृत्त झालेल्या एका सुभेदारांच्या पोटाच्या सोनोग्राफी रिपोर्टात 'गर्भाशय नॉर्मल आकाराचे' असं मी टाइप केलं, तो माझा आगटे बाईंकडचा तिसरा दिवस होता. आधीच्या पेशंट एक शिक्षिका होत्या. त्यांचाच रिपोर्ट उघडला, नाव बदललं, वय बदललं, बाकीचं राहू दिलं. सोनोग्राफी सेंटरातले टायपिस्ट असंच काम करतात. प्रत्येक रिपोर्ट मुळापासून टाइप करणारा टायपिस्ट मी तोवर ऐकलासुद्धा नव्हता.

बाई प्रत्येक ओळीखाली पट्टी धरून रिपोर्ट वाचायच्या आणि मगच सही करायच्या. पट्टी गर्भाशयापाशी थांबली. समोर सुभेदार, त्यांच्या मिशा आणि त्यांची पत्नी असे तिघं बसलेले.

"अहो जाधव," बाईंनी मला आत बोलावलं, "सुभेदारसाहेबांना पेढे वाटायला सांगा."

नोकरी गेली असं धरून मी डबा पिशवीत भरला. बाई संध्याकाळी टेबलाशी आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "माणूस नवा की कागद नवा. कोरा उघडायचा. कळलं?"

कळलं, म्हणालो. कळायला मला पुढे नऊ वर्षं लागली, आणि त्याची किंमत दुसऱ्याच माणसानं मोजली. ते सांगायचंच आहे. पण आधी बाई.

सांगलीत मार्केट यार्डाच्या मागच्या रस्त्याला, पहिल्या मजल्यावर त्यांचं सेंटर होतं. एक मशीन, एक बाई, एक मी. उंच, किडकिडीत बांधा, मनगटावर पुरुषी घड्याळ, आणि एसीच्या खोलीत बारा महिने अंगात एक तपकिरी स्वेटर. गळ्याला लावायच्या जेलची बाटली त्या कोमट पाण्याच्या वाडग्यात उभी करून ठेवायच्या. "गार लागलं की माणूस दचकतो. दचकायला त्याच्याकडे इतर कारणं असतात, आपण आणखी कशाला द्यायचं?"

गळ्याचा पेशंट आला की बाई मशीनकडे बघायच्याही नाहीत. पेशंटला स्टुलावर बसवायचं, आपण मागे उभं राहायचं, दोन्ही हातांची बोटं पुढे आणून गळा चाचपायचा. मग फुलपात्रातून पाण्याचा घोट द्यायचा. "गिळा." बोटांखालून थायरॉईडची ग्रंथी वर सरकली की बाई डोळे मिटून घ्यायच्या. निम्म्या लोकांना त्या तिथूनच घरी पाठवत. "थायरॉईडची गोळी चालू आहे ना? मग रक्त तपासा. फोटो कशाला?"

गिऱ्हाईक हातानं परत पाठवणारं दुसरं सेंटर सांगलीत नव्हतं. मी चिडायचो. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, "मशीनला सगळं दिसतं, अहो. काय बघू नये, हे त्याला कळत नाही."

गळ्यात बारीक गाठ दिसली म्हणून रडत आलेल्या बायकांना त्या विचारायच्या, "तुमच्या डोक्यात पांढरे केस किती आहेत?" समोरची बाई गोंधळून हात डोक्याला लावायची. "वय झालं की डोक्यात पांढरा केस येतो, गळ्यात बारीकशी गाठ येते. केसासाठी कुणी डोकं कापतं का?" आणि रिपोर्ट दोन ओळींचा. 'लहान गाठ, निरुपद्रवी ठेवणीची. पुढील तपासणीची गरज नाही.' खाली सही.

या दोन ओळींनी लोकांचा फार अपमान व्हायचा. आमच्या भागात रिपोर्ट एकट्या पेशंटचा नसतो. तो प्लॅस्टिकच्या फाइलीत राहतो, पाहुणे आले की चहाबरोबर बाहेर येतो, पुण्याच्या भाच्याला व्हॉट्सअ‍ॅपवर जातो. दोन ओळींचा रिपोर्ट पाहुण्यांपुढे काय ठेवायचा? "एवढंच?" असं म्हणून माणसं कागद उलटा करून मागची बाजू बघायची. मलाही वाईट वाटायचं. टायपिस्टची कला दाखवायला दोन ओळींत जागा किती असणार!

म्हणून मी एक उद्योग करून ठेवला होता. शेजारच्या सेंटरातल्या टायपिस्टाकडून त्यांचा गळ्याचा छापील नमुना मागून आणला होता. दीड पान. डावी बाजू, उजवी बाजू, मधला भाग, रक्तप्रवाह, आणि सगळ्यात शेवटी ठळक अक्षरांत ओळ: 'सुईने तपासणी करून खात्री करून घ्यावी.' बाईंनी तो माझ्या पडद्यावर एकदा पाहिला होता. "ही शेवटची ओळ डॉक्टर पेशंटसाठी लिहीत नाहीत, स्वतःसाठी लिहितात," म्हणाल्या. "उद्या काही निघालं तर आपलं नाव नको यायला. पुसा." मी पुसला. म्हणजे 'जुनं' नावाच्या कप्प्यात ठेवला.

बाई निष्काळजी होत्या असं वाटेल कुणाला, म्हणून कुपवाडचं सांगतो. तिथल्या एका कारखान्याच्या मालकांनी कामगारांसाठी शिबिर भरवलं. शिबिर जमवलं होतं मीच. दारात बोर्डही मीच लावला: 'गळ्याची मोफत सोनोग्राफी'. पाळी सुटली, आणि गाड्या लावून, हेल्मेट काखेत घेऊन दोनशे माणूस रांगेत उभं राहिलं. बाई आल्या, त्यांनी बोर्ड वाचला, खिळ्यावरून काढला आणि उलटा करून भिंतीला टेकवला.

मालक धावत आले. "बाई, अहो मोफत आहे! बघा की सगळ्यांचं."

"बघते. निम्म्यांच्या गळ्यात काही ना काही सापडेल मला. त्यांना रात्री झोप लागणार नाही. मग सुया, मग ऑपरेशनं. त्यांच्या जागी मशीनवर कोण उभं राहणार, तुम्ही?"

बाईंनी स्टूल मागवलं आणि ज्यांना काही त्रास होता तेवढ्यांचे गळे हातानं पाहिले. शेवटाकडे एक वेल्डर आला. आवाज महिनाभर घोगरा, रांगेत चेष्टा चाललेली. बाईंची बोटं त्याच्या गळ्यावर गेली आणि तिथंच राहिली. त्यांनी पाणी दिलं, त्यानं गिळलं, बोटांखाली काही सरकलं नाही. बाईंनी स्वेटरच्या बाह्या खाली ओढल्या, मला मशीन चालू करायला लावलं, आणि त्याच संध्याकाळी आपल्या गाडीत घालून त्याला सर्जनकडे नेलं. "ही गाठ थांबायची नाही," वाटेत एवढंच बोलल्या. त्याचं ऑपरेशन झालं. तो आहे अजून. बाईंना कुठली गाठ सोडायची हे कळत होतं, कारण कुठली सोडायची नाही हे कळत होतं. मला दोन्ही कळत नव्हतं, पण टायपिंग चांगलं होतं.

आता संपत.

संपत माने माझा रहिमतपूरचा शाळासोबती. ऊस होता, थोरला भाऊ सैन्यात, आणि संपतला देवानं आवाज दिला होता. सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या जत्रांतली कुस्त्यांची मैदानं त्याच्या निवेदनावर चालायची. हातात माइक आला की बारीक चणीचा संपत हत्तीएवढा व्हायचा. पैलवानाचं नाव, गाव, वस्ताद, त्याच्या आजोबानं कुठल्या जत्रेत कुणाला चितपट केलं, सगळं तोंडपाठ. वीज गेली तर तो माइक खाली ठेवायचा आणि तसाच बोलायचा. शेवटच्या रांगेतला म्हातारासुद्धा मान डोलवायचा.

त्या वर्षी मोसम संपला आणि संपतचा घसा बसला. मी फोनवर म्हणालो, "ये की. आपलंच सेंटर हाय. गळा बघून टाकू." आपलंच! स्टूल पुसणाऱ्या माणसाचा हा थाट.

बाईंनी गळा चाचपला. पाणी दिलं. "काही नाही. आठ दिवस तोंडातून शब्द काढायचा नाही."

"आठ दीस?" संपत म्हणाला. "त्यापरीस जीवच घ्या की बाई."

बाई हसल्या. मी मात्र पुढे झालो. "बाई, माझा लहानपणचा मित्र आहे. मशीनवर एकदा बघा ना. माझ्यासाठी."

नऊ वर्षांत मी त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं. बाईंनी माझ्याकडे बघितलं, आणि बाटली वाडग्यातून काढली. आजही वाटतं, त्या क्षणी माझं तोंड दाबून धरणारा कुणीतरी तिथं हवा होता.

उजव्या बाजूला गाठ होती, तुरीच्या दाण्याएवढी. "हे राहू दे," बाई संपतला म्हणाल्या. "हिचा घशाशी संबंध नाही. विसरून जा." आणि मला नेहमीच्या दोन ओळी सांगून पुढच्या पेशंटकडे वळल्या.

बाहेर संपतनं दोन ओळी पाहिल्या. "ह्ये काय रं जाध्या? आमच्या गावच्या कुस्त्यांच्या पत्रिकेवर ह्याच्या धाप्पट मजकूर आसतोय. घरात दावू काय मी?"

मित्रापुढे माझी पत जात होती. मी 'जुनं' उघडलं. दीड पान झालं, मजकूर सुरेख बसला. बाईंची 'गरज नाही'ची ओळ त्या मजकुराशी जुळेना, म्हणून ती काढली. शेवटची ठळक ओळ शोभून दिसत होती, ती ठेवली. बाई एका अवघडलेल्या बाईच्या तपासणीत गुंतल्या होत्या, संपतची गाडी सुटायला आली होती. मी दार लोटून कागद पुढे केला. "बाई, मित्राचा. गाडीची घाई आहे." बाईंचा एक हात मशीनवर होता. दुसऱ्यानं पेन घेतलं, पट्टी धरायला हात उरला नाही. न वाचताच त्यांनी सही केली.

पुढचं लांबवत नाही. ठळक ओळ संपतच्या बायकोनं वाचली, भाच्यानं वाचली, सगळ्यांनी वाचली. मोठ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात सुई घातली. तुरीच्या दाण्यात कॅन्सर निघाला. ग्रंथी सगळी काढली. ऑपरेशन करणाऱ्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही, त्यांच्या हातात सुईचा रिपोर्ट होता. पण आवाजाची नस ग्रंथीला चिकटून जाते, तिला धक्का लागला. संपत शुद्धीवर आला आणि त्यानं बायकोला हाक मारली, ती तिला ऐकू गेली नाही.

आवाज परत येईल म्हणाले होते. तो आला नाही. जन्मभराची सकाळची गोळी आली, ओठांना आणि बोटांना मुंग्या आल्या, आणि फाटक्या भात्यासारखी एक कुजबूज आली. मैदानांवर दुसरे निवेदक आले.

आणि हा माणूस पेढे घेऊन सेंटरला आला! माझा हात दोन्ही हातांत धरून, कानाशी तोंड आणून म्हणाला, "तुज्या रिपोर्टानं वाचलो गड्या. बाई म्हनली इसरून जावा. शेवटच्या वळीत खरं लिवलं हुतं म्हनून. आवाज गेला तर गेला, जीव ऱ्हायला."

मी पेढा खाल्ला. होय, खाल्ला. तोंडात घातलाच होता त्यानं.

संपतनं हीच गोष्ट गावोगाव सांगितली. कुजबुजत सांगितलेली गोष्ट लोक कान देऊन ऐकतात. 'आगटे बाई तोंडानं एक सांगतात, कागदावर एक लिहितात.' 'बाईंना आता कॅन्सर दिसत नाही.' डॉक्टरांच्या चिठ्ठ्या कमी झाल्या. स्टुलावर धूळ बसायला लागली.

बाईंनी संपतच्या रिपोर्टाची सेंटरातली प्रत काढून वाचली. पट्टी धरून, सावकाश. मग माझ्या टेबलाशी आल्या.

"अहो जाधव, ही ओळ माझी नाही."

"नाही, बाई."

"सही माझी आहे." त्यांनी कागद माझ्यापुढे ठेवला. "असले कण कितीतरी लोकांच्या गळ्यात असतात. माणूस ऐंशीव्या वर्षी भलत्याच कशानं तरी जातो, आणि गळ्यातल्या त्या कणाचा त्याला पत्ता नसतो. पण एकदा कापलं की कापणं बरोबरच ठरतं. मग उलट सांगणार कोण?"

मला त्यांनी काढलं नाही. ओळ कुणाची ते कुणालाही सांगितलं नाही. सर्जन मंडळींपैकी कुणी टोमणा मारला तर "सही माझीच आहे" म्हणायच्या आणि विषय बदलायच्या. त्यांनी आरडाओरडा केला असता तर मी सुटलो असतो. दीड वर्षानं मशीन विकलं, आणि साताऱ्याला धाकट्या बहिणीशेजारी राहायला गेल्या.

मी मोठ्या सेंटरात लागलो. पाच मशीनं, सात टायपिस्ट. तिथल्या संगणकावर कोरा कागद उघडतच नाही, छापील नमुनाच उघडतो. माझ्यासारख्याची नेमणूक अगदी योग्य जागी झाली होती.

दोन वर्षांनी एका सकाळी माझ्या पुढ्यात रिपोर्टासाठी नाव आलं: अश्विनी संपत माने. वीस वर्षांची, पोलीस भरतीची तयारी करणारी पोर. तक्रार काही नाही. घरात कॅन्सर झाला म्हणून संपतनं घरातल्या सगळ्यांचे गळे तपासून घेतले होते. गाठ लहान, स्पंजासारखी जाळीदार. बाईंनी हिला बघून पेन्सिलसुद्धा उचलली नसती. नमुन्याची शेवटची ओळ आपोआप छापली गेली.

संपत बाहेर बाकावर बसला होता. "सोमवारी सुई," तो कुजबुजला. "सुईत काय बी निगू दे, काढूनच टाकायचं. माज्यागत टायमात."

"अरे, तिची भरती?"

"भरती परत बी हुती. पोरगी परत मिळती व्हय?"

दुपारी रजा टाकून मी साताऱ्याची गाडी धरली. बाई बारीक झाल्या होत्या, दम लागत होता. रिपोर्ट वाचून त्यांनी चष्मा काढला.

"मला का सांगताय? त्याला सांगा."

"त्याचा आधार जाईल, बाई. जीव वाचला या एका गोष्टीवर तो उभा आहे."

"ठाऊक आहे. म्हणून तर मी चार वर्षं गप्प बसले. तुम्हाला काय वाटलं, तुमच्यासाठी?" त्या उठल्या आणि पिशवी शोधायला लागल्या. "आता पोरीचा गळा आहे. चला."

रहिमतपूरला पोचलो तेव्हा अश्विनी भरतीसाठी पळायचा सराव करून आली होती, घामानं निथळत होती. बाईंनी तिला पाटावर बसवलं, मागून गळा चाचपला, दोन्ही बाजूंनी कानाखालपर्यंत बोटं नेली. पाणी प्यायला लावलं. मग संपतला म्हणाल्या, "हिला सुईसुद्धा नको. बाहेरून हाताला लागायला लागली, आवाज बदलला, गिळायला अडायला लागलं, तर दाखवा. नाहीतर पळू दे तिला."

संपत कुजबुजला, "माज्या वक्ती बी आसंच म्हनलासा की, बाई. तुमचं आयकलं आसतं तर आज फोटूत आसतो मी. आवं, त्या रिपोर्टानं..."

बाईंनी माझ्याकडे बघितलंही नाही.

"संपत," मी म्हणालो, "ती ओळ बाईंची नव्हती. मी घातली. रिपोर्ट मोठा दिसावा म्हणून. बाईंनी 'गरज नाही' असं सांगितलं होतं, ते मी काढलं."

त्याला आधी कळेचना. "मंजी? तुला दिसलं हुतं काय तवा, कॅन्सर हाय म्हनून?"

"न्हाई रं. मला काय दिसतंय. नमुना होता तो. सगळ्यांच्या रिपोर्टाला तीच ओळ असते. अश्विनीच्याबी तीच हाय."

संपतनं बाईंकडे बघितलं. "बाई, खरं सांगा. कापलं नसतं तर मेलो असतो का मी?"

त्याची बायको चुलीपाशी हात तसेच धरून उभी राहिली. खोटं बोलायला ही जागा उत्तम होती. मी मनातून बाईंची प्रार्थना करत होतो.

"मला ठाऊक नाही," बाई म्हणाल्या. "कुणालाच ठाऊक नाही. पण बहुतेक नाही. बहुतेक तुम्ही अजून मैदानावर असता."

संपत उठला. त्याच्या गळ्याच्या शिरा फुगल्या, चेहरा काळानिळा झाला, तोंड उघडलं. एवढा माणूस ओरडत होता आणि खोलीत पंख्याचाच आवाज येत होता. बापाचं तोंड बघून अश्विनीनं भिंतीकडे मान फिरवली. तो माझ्या अंगावर येईल म्हणून मी वाट बघत होतो. तो आला नाही. त्यानं कोनाड्यातला सोमवारच्या सुईचा कागद घेतला, चार तुकडे केले, आणि खाली बसून ते एकेक करून पुन्हा जुळवून बघायला लागला.

"परत हितं येऊ नगंस," तो म्हणाला. कुणाला ते सांगायला लागलं नाही.

बाई स्टँडपर्यंत चालत आल्या. चार ठिकाणी थांबल्या. मी पिशवी मागितली, दिली नाही. साताऱ्याची गाडी भरून आली. त्या पायरीवर चढल्या, मी मागोमाग दांड्याला हात घातला.

"अहो जाधव," त्या वळून म्हणाल्या, "तुम्ही मागच्या गाडीनं या. मला आत्ता तुमच्याशेजारी बसवणार नाही."

दार लागलं. गर्दीत त्यांना जागा नव्हती. काचेतून दिसलं, वरच्या दांड्याला धरून त्या उभ्याच होत्या, गाडी हलली तशा एकदा झोकांडल्या, आणि कुणीतरी एका बाईनं मांडीवरचं मूल सावरत त्यांच्यासाठी जागा केली. बसल्या की नाही ते दिसेपर्यंत गाडी वळली होती. त्या वर्षीच्या थंडीत बाई वारल्या. त्या दिवशी मागची गाडी तासाभरानं आली, ती बरीचशी मोकळी होती.